सव्वा मूठ

"आते तूच घरना माणूस शे. मायले सांभाळजो."

माझ्या मुलाला हे वाक्य पहिल्यांदा ऐकवलं गेलं तेव्हा तो पहिलीत होता आणि त्याला बुटाची नाडीही नीट बांधता येत नव्हती. म्हणणाऱ्या होत्या गावाकडच्या एक म्हाताऱ्या फुई, म्हणजे आत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हात त्याच्या डोक्यावर होता. नंतर हेच वाक्य त्यानं खूप जणांकडून ऐकलं. अहिराणीत, मराठीत, शाळेच्या गेटवर, लग्नाच्या मांडवात. बोलणाऱ्याचा जीव खरोखर कळवळलेला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण एकट्या आईच्या घरात सर्वांत जास्त नुकसान कुठलं वाक्य करतं असं कुणी विचारलं, तर मी याच वाक्याकडे बोट दाखवीन.

मी धुळ्याला देवपुरात राहते, मुलगा आणि मी. एका खासगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. माहेर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. नवऱ्यापासून वेगळं का झाले ते इथं लिहिणार नाही. ती माझ्या मुलाच्या वडिलांचीही गोष्ट आहे, आणि मुलगा मोठा होऊन हे वाचणार आहे.

घर एकटीनं चालवायला घेतलं की लोक आधी पैशांचं विचारतात. "भागतं का गं?" प्रश्न बरोबर आहे. भाडं, रिक्षाचे पैसे, ट्यूशन, पावसाळ्यात गळणारं छत, हे सगळं महिन्याच्या पगारात बसवताना जीव मेटाकुटीला येतो. पण पैशांचा हिशोब निदान वहीत मांडता येतो. काय कमी पडलं ते कळतं, कुणाकडे हात पसरायचा ते कळतं. मला ज्याचा थांग लागायला फार वेळ गेला ती गोष्ट संध्याकाळी सातनंतरची आहे.

सातनंतर घरात दुसरं मोठं माणूस नसतं. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीत काय काय येतं! रात्री दोनला पोराचं अंग तापलेलं असतं. औषध दिलेलं असतं, कपाळावर पट्टी असते. आता सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच दवाखाना गाठायचा, हे ठरवायचं असतं. दोघं असतात तेव्हा एकजण घाबरतो आणि दुसरा म्हणतो, "थांब जरा, बघू अर्धा तास." एकटीला घाबरायचंही स्वतःच असतं आणि धीरही स्वतःच द्यायचा असतो. निर्णय चुकला तर "आपण ठरवलं होतं" असं म्हणायला कुणी नसतं. शाळा बदलायची का, दात काढायचा का, खेळायला मैदानावर एकटं सोडायचं का, अशा साध्या साध्या ठरवण्यांचाही शीण साठत जातो. दिवसभर उभं राहून काम केल्यानं पाय दुखतात, ते झोपलं की थांबतात. हा शीण झोपेनं जात नाही.

आणि आनंदाचं तर कुणी बोलतच नाही. दुःखात माणसं येतात. आमच्याकडे तर गावच्या गाव येतं. पण पोरानं चित्रात गाढवाला पाच पाय काढले आणि पाचवा "बसायला" आहे म्हणून सांगितलं, तर ते कुणाला सांगायचं? आजी हसते, मैत्रीण हसते. पण तेवढ्याच वेड्या आनंदानं, पुन्हा पुन्हा, रात्री झोपताना आठवून हसणारं माणूस जगात एकच दुसरं असू शकतं, आणि ते आपल्या घरात नाही. मला सर्वांत एकटं वाटलं ते अशाच क्षणांना. आजारपणात नाही.

मग हे सगळं, भीती, शीण, न सांगितलेला आनंद, वाहत वाहत जातं कुठं? जो समोर आहे त्याच्याकडे. समोर असतो सात-आठ वर्षांचा पोऱ्या.

मुलं आईचा चेहरा फार लवकर वाचायला शिकतात. एकट्या आईची तर आणखीच लवकर. माझा मुलगा दुसरीत असताना शाळेची सहल होती, लळिंगच्या किल्ल्यावर. "मला नाही जायचं, तिथं ऊन असतं," असं तो मला सांगून मोकळा झाला. आदल्या रात्री मी फोनवर भावाशी पैशांचं बोलत होते आणि तो शेजारी झोपलेला होता, म्हणजे झोपलेला नव्हता. शेजारच्या बाईंना कळलं तेव्हा त्या भरून येऊन म्हणाल्या, "किती समजदार पोर आहे हो तुमचं!" मला ते कौतुक सोसवेना. सात वर्षांच्या मुलानं समजदार असणं ही घरातली धोक्याची खूण आहे, असं माझं मत तेव्हा झालं आणि आजही तेच आहे. मुलानं हट्ट करावा. वह्या हरवून याव्यात. आईला पैसे नसताना बॅट मागावी, आणि आईनं "नाही" म्हटल्यावर रडावं. ते रडणं मला परवडतं.

मी त्याला सहलीला पाठवलं. आणि त्यानंतर घरात एक ठरवून टाकलं: पैशांचं, त्याच्या वडिलांचं, माझ्या मनातल्या काळोखाचं त्याच्यासमोर बोलायचं नाही. लपवायचं असं नाही. "आज मी दमले आहे, थोडी रडले पण, जेवण झालं की बरं वाटेल," एवढं मुलाला सांगता येतं, सांगावंही. पण त्यानं माझे डोळे पुसायचे नाहीत.

हे ठरवणं सोपं, निभावणं अवघड. त्याची खरी परीक्षा झाली ती कानबाईच्या वेळी.

खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. कानबाई ही आमची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ती आमच्याकडे बसते. घर रंगवतात, भाऊबंद मुंबई-सुरतहून गावी येतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. तिच्या रोटांचे गहू मोजून घ्यायचे असतात. आमच्या घरी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. ते दळून रोट करतात आणि ते फक्त भाऊबंदच खातात. मुलीच्या सासरच्या माणसांचा त्यात वाटा नसतो. मुलगी लग्न होऊन गेली की तिचाही नाही.

वेगळी झाल्यावर सुरुवातीचे काही महिने मी मुलाला घेऊन माहेरी होते. त्यात कानबाई आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, सुपात गहू मोजायला बसले. आप्पांची मूठ झाली, काकांची झाली, भावाची झाली. भावाचा मुलगा पुढे झाला, त्याचं नाव घेऊन आप्पांनी मूठ टाकली. त्याच्यामागे माझा मुलगा रांगेत उभा राहिल्यासारखा उभा होता. घरात एकदम कुणी काही बोलेना. माय चुलीकडे वळली. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं, जवळ ओढून मांडीवर बसवलं आणि म्हणाले, "तुनी मूठ आठे नही रे बाबा. तू त्या घरना शे."

आप्पांचा मला राग आला का? आला. आज वाटतं, त्यांनी खोटं बोलून त्याचं मन राखलं नाही हे बरं केलं. कारण त्यावर मुलानं विचारलं ते महत्त्वाचं होतं. "मग माझी मूठ कुठं मोजतात?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. रात्री गाणी चालू असताना मी मागच्या अंगणात जाऊन त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना फोन लावला. तोवर आमचं बोलणं बंद होतं. फोन उचलला गेला. मी विचारलं. पलीकडे ढोलकी वाजत होती, त्यातून त्या म्हणाल्या, "त्यानी मूठ मोजेल शे. बापना आधी त्यानी मोजी." आणि मग थोड्या वेळानं, "रोट ठेवेल शे त्याना करता."

मी पुष्कळ रडले त्या रात्री. मुलाला मात्र त्याच रात्री उठवून सांगितलं, तुझी मूठ तिकडे मोजली आहे. तो "बरं" म्हणाला आणि झोपला. एवढंच हवं होतं त्याला. ज्या घराशी माझा संबंध संपला त्या घराशी त्याचा संपला नव्हता, हे त्याला कळून झालं, आणि मला ते पचवायचं होतं.

तेव्हापासून कानबाईला तो वडिलांच्या गावी जातो, शिरपूरकडे. शनिवारी मी त्याला धुळ्याच्या स्टँडवर त्याच्या काकाच्या हवाली करते. सावळद्याला तापीचा पूल आला की तो फोन करून पाण्याची बातमी देतो, पूर आहे की नाही ती. रविवारभर मी एकटी असते. माझी मूठ अशीही कुठंच मोजत नाहीत, बायकांची मोजतच नाहीत. पण पूर्वी मी गाणाऱ्यांत असायचे, रोट लाटणाऱ्यांत असायचे. आता दोन्ही घरांत कानबाई बसलेली असते आणि मी दोन्हीकडे नसते. माहेरी बोलावतात, जाता येतं. पण पोर तिकडे, आणि आपण इकडे भावाच्या पोराच्या मुठीकडे बघत बसायचं, हे मला जमत नाही. मी जात नाही.

सुरुवातीला मला वाटायचं, त्याला पाठवू नये. तिकडे काय सांगत असतील माझ्याबद्दल? तिकडचा लाड, मोठं अंगण, चुलत भावंडं बघून त्याला परत यावंसं वाटलं नाही तर? ही भीती खरी असते आणि ती बोलून दाखवायला लाज वाटते. आईनं असा विचार करावा का, असं वाटतं. पण मी ज्या ज्या एकट्या आयांशी बोलले, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या मनात हीच भीती होती. मूल आपल्याला सोडून दुसऱ्या कुणावर प्रेम करील, ही. आपल्याकडे एकच माणूस उरलं असेल तर त्याचा अर्धा जीवही द्यावासा वाटत नाही. मी पाठवते ते मी थोर आहे म्हणून नाही. त्याची मूठ तिकडे आहे, म्हणून.

त्या रिकाम्या रविवारांनी मला दुसरी एक गोष्ट करायला लावली. मोठी माणसं शोधायला.

अशाच एका रात्री मी १४४१६ हा नंबर लावला. तो टेली-मानसचा, मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायच्या केंद्र सरकारच्या सेवेचा. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. लॅबच्या भिंतीवर तिचा कागद चिकटवलेला होता, रोज बघत होते. पलीकडच्या ताईंनी बराच वेळ माझं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "दिवसभरात एखादं मोठं माणूस तुमच्याशी तुमच्याबद्दल किती वेळ बोलतं?" मी आठवायला लागले. पेशंट बोलतात, रिपोर्टबद्दल. साहेब बोलतात, कामाबद्दल. माय फोनवर बोलते, ते "जेवनी का वं?" आणि पोराबद्दल. माझ्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. मीही बोलत नव्हते.

लोक एकट्या बाईला सांगतात, खंबीर हो. खंबीर असण्याचं आमच्याकडे फार कौतुक आहे. आई म्हणून नांगर धरला, पोरं शिकवली, कुणापुढे हात पसरला नाही, अशा गोष्टी आम्ही अभिमानानं सांगतो, आणि त्या खऱ्याही असतात. पण हात न पसरणारी बाई शेवटी आपला सगळा भार पोरांवर टाकते, हेही मी डोळ्यांनी बघितलं आहे. चाळिशी ओलांडलेले मुलगे बघितलेत, आईला सोडून चार दिवस कुठं जाता येत नाही म्हणून घुसमटलेले. त्या आयांना मी दोष देत नाही. त्यांना बोलायला दुसरं कुणी दिलंच नव्हतं आपण.

मला माणसं मिळाली ती गच्चीवर. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. ज्वारीचा घाटा पहाटे शिजवायला घ्यायचा, ऊन चढायच्या आत जुन्या साड्यांवर थापून मोकळं व्हायचं. एकटीचं ते काम नाही, आज हिचे, उद्या तिचे. मी नोकरी सांगून कधी जात नसे. एका मे महिन्यात गेले. हात पिठात असले की बायका खरं बोलतात. समोरासमोर बघावं लागत नाही, उत्तर देण्याची घाई नसते. एकीचा नवरा सौदीला, एकीचा दारूत, एकीचा उत्तम पण मुका. त्यांच्यातल्या एकीनं, माझ्याहून चांगली दहा वर्षांनी मोठी असेल, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो पोऱ्या शे, त्याले पोऱ्याच ऱ्हाऊ दे. तू मना जोडे बोल." तिला मी जिजी म्हणते. रात्री पोराला ताप आला तर आता फोन जिजीला जातो. "थांब जरा, बघू अर्धा तास" हे ती म्हणते. गाढवाच्या पाचव्या पायाचा किस्सा लॅबमधल्या सोबतिणीला सांगते, तिला असल्या गोष्टी आवडतात. पैशांचं भावाशी. एका माणसाची जागा एकाच माणसानं भरून निघेल, ही आशा मी सोडली. ती सोडल्यावर बरं वाटायला लागलं.

सणांचं म्हणाल तर आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, अजूनही जड जाते. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरण होतं, आणि चार दिवसांनी डोळे पुसत परत जातात. जायला कुठलंसं घर असतं म्हणून ते रडणंही गोड असतं. हळदीकुंकवाचं वेगळंच. विधवेशी कसं वागायचं याचे जुने नियम तरी होते. ते मोडायचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. माझ्यासारखीसाठी नियमच नाही. कुंकवाची वाटी माझ्यापर्यंत येते आणि हात क्षणभर अडखळतो. मी स्वतःच बोट बुडवून लावून घेते. त्यांचीही सुटका, माझीही.

कागदांचंही सांगायला हवं, कारण खिडकीवरच्या अपमानानं मनावर जे होतं ते कमी नाही. पण कागद बदलले आहेत आणि बायकांना ते कुणी सांगत नाही. डिसेंबर २०१६ च्या नियमांपासून मुलाच्या पासपोर्टला आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव पुरतं. डिसेंबर २०१८ पासून आई एकटी पालक असेल तर पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव सक्तीचं नाही. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव येतं. माझा मुलगा त्याआधीचा. त्याच्या नावात मधे वडिलांचं नाव आहे. ते काढून टाक, असं मला काहींनी सुचवलं. मी नाही काढलं. त्याला काढायचं असेल तर तो मोठा झाल्यावर काढील, ते त्याचं नाव आहे.

"तू त्याची आईही आणि बापही" असं कौतुकानं म्हणतात, तेव्हा मी आता थांबवते. मी त्याची आई आहे. तेवढंच पूर्ण करताना रात्र होते. बापाची जागा मी भरायला गेले तर ती जागा त्याच्या खऱ्या बापासाठी उरणार नाही, आणि तो वर्षातून चार वेळा का होईना येतो. क्रिकेट मला येत नाही. पोराला बॉलिंग जिजीचा मुलगा शिकवतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत एक तरुण माणूस अपघातात गेला. बायको सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, एक मुलगी बालवाडीत, एक कडेवर. दहाव्यानंतर माणसं पांगली तशी जिजी आणि मी गेलो. तिला बालसंगोपन योजनेचं सांगितलं. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना, घटस्फोटित आणि सोडून दिलेल्या बायकांच्या मुलांनाही, दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये मिळतात. तिनं नावही ऐकलेलं नव्हतं. आधार, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स मी लॅबमधून काढून आणल्या आणि सोमवारी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर महिला व बालविकासच्या कार्यालयात गेले. अर्ज घेतला त्यांनी, एक कागद कमी पडला तो पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.

येताना रिक्षात तिनं पैशांचं काही विचारलं नाही. "ताई, नंतर रात्री झोप लागते का हो?" असं विचारलं.

लागते, म्हटलं. पण एवढ्यात नाही लागणार. तोवर पोरींना उठवत बसू नको, मला फोन कर. मी अकरापर्यंत जागी असते, त्यानंतर जिजी.